परदेशातली इंग्रजी शिकवण्याची नोकरी: अर्ज करतानाच शाळा कशी जोखायची?

कृष्णाकाठची

नमस्कार. बरेच दिवस नुसती वाचक होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय. सांभाळून घ्या.

इंग्रजी घेऊन एम.ए., मग बी.एड. आणि सध्या सांगलीजवळच्या एका इंग्रजी माध्यमाच्या शाळेत आठवी ते दहावीला शिकवते. पगार विचारू नका. सही करायचा आकडा वेगळा आणि हातात पडायचा वेगळा, हे इथल्या शिक्षक मंडळींना सांगायला नको. यंदा बाहेर जायचंच असं ठरवलंय. नवऱ्याचं काम घरून चालतं, मूलबाळ नाही, त्यामुळे दोनेक वर्षं कुठेही राहायची तयारी आहे.

दोन ठिकाणी बोलणी चालू आहेत. एक थायलंड. तिथल्या सरकारी शाळांना शिक्षक पुरवणारी एजन्सी आहे. शाळा कोणती, तर "आल्यावर ठरेल". व्हॉट्सअ‍ॅपवर थोडा वेळ बोलणं झालं आणि दुसऱ्या दिवशी अभिनंदनाचं पत्र हजर. दुसरी दुबईतली एक खाजगी शाळा. तिथे दोन फेऱ्या झाल्या, डेमो झाला आणि आता मुंबईतला त्यांचा माणूस 'प्रोसेसिंग'चे पासष्ट हजार मागतोय.

व्हिसा कसा काढायचा हे मी विचारत नाहीये, ते शोधलं की सापडतं. मला हवंय ते असं, की इथे बसून, शाळेचं फाटकही न बघता, समोरचा मालक कसा आहे हे अर्जाच्या काळातच कसं ओळखायचं? ते माझे दाखले, अनुभव, उच्चार सगळं तपासतात. मी त्यांचं काय तपासू?

ज्यांनी केलंय त्यांनी लिहा. ज्यांनी केलेलं नाही ते लिहितीलच. :)

पेठेतला

मी केलेलं नाही, म्हणून अधिकाराने सांगतो. पासष्ट हजार देऊ नका. धागा संपला, सगळ्यांनी घरी जा.

वर्षा_दुबई

पेठेतला, हसून हसून पुरेवाट. पण मुद्दा बरोबर आहे.

कृष्णाकाठची, मी दुबईत एका भारतीय अभ्यासक्रमाच्या शाळेत शिकवते, त्याआधी दुसऱ्या एका शाळेत होते. पैशाचं आधी बोलू. यूएईच्या २०२१ च्या कामगार कायद्यात, तो ३३ क्रमांकाचा, भरतीचा खर्च कामगाराकडून थेट किंवा आडमार्गाने वसूल करायला मालकाला मनाई आहे. तेव्हा तुम्ही शाळेच्या अधिकृत पत्त्यावर सरळ मेल टाका: तुमचं नाव सांगून अमुक माणूस इतके पैसे मागतोय, हे तुम्हाला माहीत आहे का? भांडायचं नाही, नुसतं विचारायचं. काही शाळांना खरंच पत्ता नसतो आणि त्या ताबडतोब एजंटाला झापतात. काही म्हणतात, ते तुमचं आणि एजंटाचं तुम्ही बघा. दुसरं उत्तर आलं तर पगार उशिरा झाल्यावरही तसंच उत्तर येणार, हे धरून चाला.

आता शाळेची तपासणी. दुबईत ही सोय फार चांगली आहे आणि आपले लोक ती वापरत नाहीत. तिथल्या खाजगी शाळांवर केएचडीएची, म्हणजे दुबई सरकारच्या शिक्षण प्राधिकरणाची, देखरेख असते. २००८ पासून त्यांनी तपासणीचे अहवाल जाहीर केलेत. आउटस्टँडिंग, व्हेरी गुड, गुड, अ‍ॅक्सेप्टेबल, वीक अशा श्रेण्या असतात आणि सगळे ती श्रेणी बघून पान मिटतात. तसं करू नका. अहवालाच्या सुरुवातीला शाळेच्या माहितीचा एक तक्ता असतो. त्यात शिक्षक किती, एका शिक्षकामागे मुलं किती, सर्वात जास्त शिक्षक कुठल्या देशाचे हे असतंच, पण 'टीचर टर्नओव्हर' म्हणून एक टक्केवारीही असते. वर्षभरात किती शिक्षक सोडून गेले ते सरकारी कागदावर छापलेलं! दोन-तीन वर्षांचे अहवाल शेजारी ठेवून बघा. पालकांसाठी श्रेणी, तुमच्यासाठी टर्नओव्हर.

आणि शाळेच्या लेटरहेडवरच्या गोड पत्रावर इथली नोकरी सोडू नका. मनुष्यबळ मंत्रालयाच्या नमुन्यातलं ऑफर लेटर येतं, त्यावर तुमची सही लागते आणि पुढे नोंदला जाणारा करार त्याच्याशी जुळावा लागतो. ते पत्र आल्यावर बेसिक आणि भत्ते वेगळे करून वाचा. नोकरी सोडताना मिळणारी ग्रॅच्युइटी पहिल्या पाच वर्षांसाठी वर्षाला २१ दिवस, पण ती बेसिकवर. एकूण ५००० दिरहम दोन्हीकडे, एकीकडे बेसिक ३०००, दुसरीकडे १५००. पत्र दिसायला सारखंच, पण जाताना हातात अर्धे पडतात.

कृष्णाकाठची

वर्षाताई, खूप आभार. टर्नओव्हरचं काहीच माहीत नव्हतं. आज रात्री तेच वाचत बसते.

बेरका

सगळं वाचायला छान आहे. पण जरा जमिनीवर या. इंग्रजी शिकवण्याच्या निम्म्या जाहिरातींत 'नेटिव्ह स्पीकर्स ओन्ली', म्हणजे मातृभाषा इंग्रजी असलेलेच हवेत, असं लिहिलेलं असतं. उरलेल्या निम्म्यांत फिलिपिनो उमेदवार आपल्यापेक्षा कमी पगारात यायला तयार. अशात सांगलीहून अर्ज करणाऱ्या बाईंनी शाळेलाच प्रश्नपत्रिका पाठवायची? दुसऱ्या दिवशी ऑफर गायब. अडला हरी गाढवाचे पाय धरी, हेच खरं. आधी पाऊल टाका, एक वर्ष काढा, तिथे राहून चांगली शाळा शोधा. माझ्या ओळखीत तिघांनी असंच केलं आणि आज तिघंही मजेत आहेत.

पेठेतला

चौथा कुठे आहे?

कोरातकर

बेरका, तुमच्या तिघांचं अभिनंदन, पण "आधी पाऊल टाका" हा सल्ला थायलंडसाठी धोक्याचा आहे. मी ईशान्येकडच्या कोरात प्रांतात एका सरकारी शाळेत होतो, एजन्सीमार्फतच. म्हणून जरा लांबण लावतो.

तिथे शिकवायला नॉन-इमिग्रंट बी व्हिसा लागतो, मग वर्क परमिट आणि शाळेत शिकवायचं तर टीचर्स कौन्सिलचा परवाना किंवा तात्पुरती सूट. शिवाय आपण नेटिव्ह नाही म्हणून टोइकसारख्या इंग्रजीच्या परीक्षेचे गुण. व्हिसासाठी मालकाकडून कागद यावे लागतात. आता तुम्हीच विचार करा. शाळाच ठरलेली नाही, तर ते कागद कुणाच्या नावाने देणार? एजन्सी स्वतःच्या नावावर परमिट काढत असेल तर तसं लेखी सांगू दे. नाहीतर याचा सरळ अर्थ असा की पर्यटक म्हणून या, पुढचं पुढे बघू. २०२३ अखेरपासून भारतीयांना पर्यटनासाठी व्हिसाशिवाय सोडायला लागले, तेव्हापासून या मंडळींचं फावलं. विमानतळावर कुणी अडवत नाही, पण पर्यटक म्हणून वर्गात उभं राहणं बेकायदेशीर आहे. पकडलं तर दंड तुम्हाला, हद्दपारी तुमची. एजन्सी तुमच्या जागी पुढच्या सोमवारी दुसरा माणूस उभा करते.

माझ्या एजन्सीने व्हिसाचं नीट केलं. पैशाचं मात्र असं, की शाळा एजन्सीला प्रत्येक शिक्षकामागे रक्कम देते, त्यातून एजन्सी आपला वाटा काढून उरलेले देते. किती काढते ते कुणी सांगत नाही. ते एकवेळ चालेल. खरी मेख महिन्यांत असते. थाई शाळांचं वर्ष मेच्या मध्यावर सुरू होतं आणि मार्चमध्ये आटोपतं. एजन्सीचे करार बहुधा दहा महिन्यांचे. म्हणजे मार्च-एप्रिलमध्ये राहायचं, खायचं, भाडं भरायचं आणि पगार शून्य. जाहिरातीतला महिन्याचा आकडा गुणिले बारा करू नका, गुणिले दहा करून बाराने भागा. ऑक्टोबरच्या सुट्टीचा पगार मिळतो का, तेही आत्ताच विचारा.

शिवाय आठवड्याला तास किती, म्हणजे वर्गात उभं राहायचे किती आणि शाळेत बसायचे किती, वर्गात मुलं किती (सरकारी शाळेत चाळीस-पन्नास सहज असतात) आणि करार अर्धवट सोडला तर दंड किती. याची उत्तरं मेलवर मागा. व्हॉट्सअ‍ॅपवर फोन करून "डोन्ट वरी" म्हणणारे पुष्कळ भेटतील.

तुमचं बी.एड. ही तिथे मोठी जमेची बाजू आहे. बिनापदवीचे गोरे बॅगपॅकर एजन्सीकडे रांग लावून असतात. कौन्सिलच्या परवान्याच्या दृष्टीने शिक्षणशास्त्राची पदवी असलेला माणूस शाळेला सोयीचा पडतो. एजन्सी सोडून थेट शाळांना अर्ज करा.

बेरका

बरं, थायलंडपुरतं मान्य. पण प्रश्न विचारल्यावर ऑफर जाते हा माझा मुद्दा तसाच राहतो.

चहाबाज

मला एकदा व्हिएतनामहून मेल आला होता. 'वुई आर नीड इंग्लिश टीचर व्हेरी गुड ग्रामर.' मी म्हटलं, हो, दिसतंय.

भरतीवाली

चहाबाज, हसले, पण इथे मला बोलायलाच हवं. मी पुण्यात बसून एका परदेशी शाळासमूहासाठी शिक्षक निवडते, त्यामुळे टेबलाच्या पलीकडची बाजू.

मेलमधल्या इंग्रजीवरून मालक जोखू नका. हनोई किंवा रियाधच्या ऑफिसात बसलेल्या बाईंना इंग्रजी येत नाही, म्हणूनच तर ते तुम्हाला बोलावतायत. उत्तर उशिरा आलं म्हणूनही घाबरू नका. चांगल्या शाळेत तुमचा अर्ज चार माणसांच्या हातून जातो, त्याला वेळ लागतो. उलट एका दिवसात ऑफर आली तर मी सावध होईन. पोलिस क्लिअरन्स नाही मागितलं, आधीच्या मुख्याध्यापकांना फोन नाही केला आणि लहान मुलांच्या वर्गात सोडायला तयार? जी शाळा मुलांबाबत इतकी सैल, ती तुमच्या पगाराबाबत काटेकोर असेल असं मला तरी वाटत नाही.

मुलाखतीत त्यांनी काय विचारलं ते आठवा. तुमचा वर्ग, तुमची मुलं, एखादं अवघड पोर कसं हाताळलं, यातलं काहीच आलं नाही आणि सगळा वेळ "कधी निघू शकता" यावर गेला, तर त्यांना फक्त रिकामी खुर्ची भरायची आहे. मग पुढचा प्रश्न तुम्ही विचारा, की ही खुर्ची रिकामी का झाली. वर्षाच्या मधल्या महिन्यात जागा निघाली असेल तर हे विचाराच. बाळंतपण, बदली, वर्ग वाढले, अशी साधी कारणंही असतात. उत्तर देताना समोरचा अडखळतो का, ते बघा.

बेरका, प्रश्न विचारल्याने ऑफर जात नाही. प्रश्नांच्या सुरामुळे जाते. पहिल्याच मेलमध्ये ग्रॅच्युइटी आणि सुट्ट्या विचारणारे अर्ज मीही बाजूला ठेवते. निवड झाल्यावर, सही करण्याआधी, एकाच मेलमध्ये सगळं नीट विचारलं तर कुठलीच बरी शाळा रागावत नाही.

एक गोष्ट मात्र पक्की. मूळ प्रमाणपत्रं कुरिअरने कुणालाही पाठवायची नाहीत. स्कॅन द्या, अटेस्टेशन (सरकारी साक्षांकन) तुम्ही करा किंवा पावती घेऊन करून घ्या.

फुलटॉस

भरतीवालीताई, एक गोष्ट विचारू? तुमच्या समूहात गोऱ्या शिक्षकाला आणि भारतीय शिक्षकाला एकच पगार आहे का?

भरतीवाली

नाही. आणि मला ते पटतही नाही.

फुलटॉस

प्रामाणिक उत्तराबद्दल धन्यवाद. थायलंडमध्येही तेच, नेटिव्हला पस्तीस-चाळीस हजार बाथ आणि आपल्याला किंवा फिलिपिनोंना वीस-पंचवीस. म्हणजे मालक जोखण्याआधी देश जोखा. कोरियाचा इंग्रजी शिकवण्याचा ई-२ व्हिसा सात देशांच्या नागरिकांपुरता आहे. आपल्यासाठी जी फट आहे ती भारत-कोरिया व्यापार कराराची, २०१० पासूनची, आणि तीही शिक्षकाची पात्रता असलेल्यांना शाळेत सहायक म्हणून. चीननेही गेल्या काही वर्षांत नेटिव्हचा नियम कडक केला आणि जुलै २०२१ मध्ये खाजगी शिकवण्यांवर बडगा उगारला, त्यात कितीतरी क्लासेस बुडाले. तरी अजून "बिझनेस व्हिसावर या" म्हणणारे भेटतात. जपानच्या बऱ्याच जाहिरातींत नेटिव्ह नसलेल्यांसाठी बारा वर्षं इंग्रजी माध्यमातून शिक्षण ही अट असते. म्हणजे दहावीपर्यंत जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकून पुढे इंग्रजीत एम.ए. सुवर्णपदक मिळवलंत तरी बाद!

तेव्हा तुमच्या पारपत्रावर जी नोकरी कायद्याने मिळूच शकत नाही ती एखादा मालक देऊ करत असेल, तर तो खोटारडा आहे हे ओळखायला आणखी काही तपासायची गरज नाही.

शब्दवेडी

मीही त्या बारा वर्षांत अडकले. सातवीपर्यंत मराठी माध्यम. माझ्या मुलाखतकाराचं स्वतःचं इंग्रजी ऐकून मला त्याला मराठी माध्यमात घालावंसं वाटलं.

माजीमास्तर

अवांतर, पण राहवत नाही. माझे थोरले काका सत्तरच्या दशकात इथिओपियाला शिकवायला गेले. हैले सेलासी सम्राट असल्यापासून तिथल्या शाळांत भारतीय शिक्षक मोठ्या संख्येने असत. केरळी सर्वात जास्त, पण आपलेही होते. निवड सरकारी, पत्रव्यवहार एअरमेलने, उत्तराला महिना. काका सांगत, सही करायच्या आधी त्यांनी फक्त एवढंच केलं, की तिथे आधीपासून असलेल्या एका केरळी मास्तरांना पत्र लिहून विचारलं, पगार कुठल्या तारखेला होतो? उत्तर आलं, तारखेला होतो, पण टपाल उशिरा येतं. काकांनी बॅग भरली. १९७४ मध्ये सम्राट गेले, क्रांती झाली, तरी काका तिथेच. पगार होत होता म्हणे.

कोरातकर

माजीमास्तर, याला अवांतर कशाला म्हणता? सध्या तिथे काम करणाऱ्या शिक्षकाशी बोलणं हे मी विसरलोच होतो लिहायला. शाळेला सांगा, एखाद्या भारतीय शिक्षकाशी बोलायचंय. भरतीवाली म्हणतील गोपनीयता वगैरे...

भरतीवाली

म्हणणारच होते. :) आम्ही देतो नंबर, पण ज्याला विचारून देतो तो शिक्षक आमच्याबद्दल वाईट थोडंच बोलेल? त्यापेक्षा लिंक्डइनवर शाळेचं नाव टाकून, जे सोडून गेलेत त्यांना गाठा. दीड वर्षात सोडलेले चार-पाच सापडले तर दोघे तरी उत्तर देतात.

वर्षा_दुबई

आणि ऑनलाइन परीक्षणं वाचताना तक्रार कसली आहे ते बघा. "तिसऱ्या महिन्यात पगार अडकला" आणि "कॅन्टीनमध्ये चहा वाईट" यांना सारखेच तारे असतात. एकाच आठवड्यात दहा गोडगोड परीक्षणं आली असतील तर ती ऑफिसातच लिहिली गेलीत.

चहाबाज

चहा वाईट ही गंभीर तक्रार आहे, नोंद घ्यावी.

अस्मानी

पगार आणि व्हिसाबद्दल सगळे लिहितायत. राहायच्या जागेचं कुणीच नाही. कृष्णाकाठची, हे बाईमाणसाने आधी विचारायचं.

आखातातल्या एका देशात मला शाळेची जागा मिळाली. ऑफरमध्ये होतं, 'फर्निश्ड अकोमोडेशन प्रोव्हायडेड'. तिथे गेल्यावर कळलं, एका खोलीत तिघी, खाली वॉचमन, रात्री नऊनंतर बाहेर जायचं तर वॉर्डनला सांगून. चाळिशीतल्या बाईला! आणि शाळा म्हणे, करारात राहायची सोय लिहिली होती, दिलीय की. त्यामुळे खोली स्वतंत्र की वाटून, किल्ली कुणाकडे, नवरा येऊन राहू शकतो का, नको असेल तर त्याऐवजी पैसे मिळतात का, हे सगळं सहीच्या आधी. फोटो मागा, आणि इमारतीचा पत्ता मागून नकाशावर शाळेपासूनचं अंतर बघा.

मुलाखतीत लग्न झालंय का, मूल कधी, असं विचारतात. चिडून उपयोग नाही, तिथे सर्रास विचारतात. पण मूल होऊ न देण्याबद्दल लिहून मागितलं तर तिथेच फोन ठेवा.

पासपोर्टही विचारा, "तो माझ्याजवळच राहील ना?" एवढंच. यूएईत मालकाने पासपोर्ट ठेवून घेणं बेकायदेशीर आहे, तरी "सुरक्षिततेसाठी ऑफिसात ठेवतो" म्हणणारे आहेत. उत्तर ऐका.

वर्षा_दुबई

अस्मानी, अगदी. त्यात भर: नवऱ्याला तुमच्या व्हिसावर न्यायचं असेल तर यूएईत पगाराची किमान अट आहे, ४००० दिरहम, किंवा घर मिळत असेल तर ३०००. ऑफर त्याच्या खाली असेल तर दोघांचं जाणंच अडेल.

रानवारा

मालदीवबद्दल कुणी बोललं नाही. आम्ही दोघं तिथे एका लहान बेटावरच्या शाळेत होतो. भारतीय शिक्षक खूप, मुलं गोड, समुद्र दाराशी. शाळेकडून त्रास शून्य. त्रास झाला तो पैसे घरी पाठवताना. करारात आकडा डॉलरमध्ये होता, हातात यायचे रुफिया, अधिकृत दर एका डॉलरला १५.४२. पण डॉलरची तिथे इतकी चणचण, की बँकेत त्या दराने हवे तेवढे मिळत नाहीत आणि बाहेर घ्यायचे तर भाव चढा. म्हणजे मालक सज्जन असूनही पगार कमी झाला. तेव्हा पगार कुठल्या चलनात आणि घरी किती पाठवता येतो, हे तिथे असलेल्यांना विचारा. शाळेला विचारून उपयोग नाही, त्यांच्या मते सगळं छान असतं.

कोकणी_माणूस

शिक्षकांचा धागा आहे, तरी लिहितो, कारण आमच्या तालुक्यातल्या एका पोराला थायलंडचीच ऑफर होती. डेटा एन्ट्री आणि इंग्रजी बोलणारा हवा, पगार भरपूर, तिकीट फुकट. बँकॉकला उतरवून गाडीतून माए सोत, तिथून नदीपार म्यानमारात म्यावाडीला. पुढे सायबर फसवणुकीचे अड्डे. परराष्ट्र मंत्रालय २०२२ पासून याबद्दल इशारे देतंय. मार्च २०२५ मध्ये हवाई दलाची विमानं पाठवून पाचशेहून जास्त भारतीयांना माए सोतहून परत आणलं. तेव्हा शाळेचं नाव नाही, गाव माहीत नाही आणि तिकीट मात्र तयार, असं असेल तर हात जोडून सांगतो, जाऊ नका.

बेरका

हे मात्र खरंच गंभीर आहे. थायलंडबाबतचं माझं "आधी पाऊल टाका" मी मागे घेतो.

पेठेतला

आज सूर्य कुठून उगवला?

वर्षा_दुबई

एजंटाबद्दल थोडं राहिलं होतं. आपल्याकडे परदेशी नोकरीसाठी माणसं भरती करायला १९८३ च्या उत्प्रवास कायद्याखाली नोंदणी लागते. सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर नोंदणीकृत एजंटांची यादी आहे, नाव आणि नोंदणी क्रमांक ताडून बघा. नोंदणीकृत असला तरी सेवाशुल्काची कमाल मर्यादा ३०,००० रुपये अधिक जीएसटी आणि पावती देणं बंधनकारक. पासष्ट हजार कुठल्याच हिशोबात बसत नाहीत. मुंबईत प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्सचं कार्यालय आहे, तिथे तक्रार करता येते.

कृष्णाकाठची

मंडळी, उत्तर द्यायला उशीर झाला, सहामाहीचे पेपर तपासत होते. दोन्हीकडे मेल टाकले, भरतीवालीताईंच्या सल्ल्याप्रमाणे सगळं एकाच मेलमध्ये, गोड सुरात.

थायलंडच्या एजन्सीचं उत्तर तासाभरात आलं. शाळेचं नाव आल्यावरच कळेल, व्हिसाचं आल्यावर करू, आणि इतर उमेदवार इतके प्रश्न विचारत नाहीत. दहा महिन्यांच्या पगाराबद्दल एक शब्द नाही. मी नम्रपणे नाही म्हटलं. लगेच पगार दोन हजार बाथने वाढवून दिला! त्याने तर आणखीच नको झालं. कोरातकर, आता थेट शाळांना अर्ज करतेय, तुम्हाला व्यक्तिगत निरोप केलाय.

दुबईच्या शाळेकडून चार दिवस काहीच नाही, मग प्राचार्यांच्या ऑफिसातून फोन. मुंबईतल्या माणसाला फक्त बायोडेटा गोळा करायला सांगितलंय, पैसे घ्यायला नाही, त्याचे मेसेज आम्हाला पाठवा. पाठवले. ऑफर लेटर मंत्रालयाच्या नमुन्यात येणार आहे. टर्नओव्हर बघितला, तीन अहवालांत उतरत गेलेला आहे, तरी माझ्या मते जास्तच. बेसिक एकूण पगाराच्या चाळीस टक्के. वाढवून मागितलं, नाही म्हणाले, सगळ्यांना हीच श्रेणी आहे म्हणाले. एका माजी शिक्षिकेने लिंक्डइनवर उत्तर दिलं: पगार वेळेवर, काम प्रचंड, शनिवारीही बोलावतात. घर मिळत नाही, भत्ता मिळतो, आणि नवऱ्याच्या व्हिसाची पगाराची अट जेमतेम पार होते.

अजून ठरलेलं नाही. नवरा जा म्हणतोय, सासूबाई शनिवारचं ऐकून नाक मुरडतायत.

अस्मानी

पगार वेळेवर आणि काम प्रचंड, हे मी घेईन. शनिवारचं मात्र ऑफरमध्ये आठवड्याचे तास किती लिहिलेत ते बघून परत एकदा विचार.

बेरका

मी तर म्हणतो, जा. आणि यावेळी सगळं तपासून म्हणतोय.

फुलटॉस

चाळीस टक्के बेसिक वाईट नाही. मी तीस बघितलेत.

कृष्णाकाठची

आणखी एक अडचण. पदवी आणि बी.एड. माहेरच्या नावाने, पासपोर्ट सासरच्या. अटेस्टेशनला अडेल का? यूएईला अपॉस्टिल, म्हणजे आंतरराष्ट्रीय कराराखालचा तो एकच शिक्का, चालत नाही असं वाचलं.

वर्षा_दुबई

नाही चालत. यूएई त्या करारात नाही. आधी राज्याचं, मुंबईत मंत्रालयातून, मग परराष्ट्र मंत्रालयाचं आणि शेवटी त्यांच्या दूतावासाचं, अशी साखळी आहे. नावाच्या फरकासाठी विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र त्याच साखळीतून अटेस्ट करून घे, नवऱ्याच्या व्हिसाला ते लागणारच आहे. राजपत्रात नाव बदललं असेल तर त्याची प्रतही जवळ ठेव.

शब्दवेडी

आणि विवाह प्रमाणपत्रात स्वतःच्या नावाचं स्पेलिंग आत्ताच तपास. माझ्यात ग्रामसेवकाने एक 'ए' जास्तीचा घातला होता.

चहाबाज

तो नेटिव्ह स्पीकर असेल.